मदत हवी आहे: सर्व्हिसिंग शोरूमला करावं की बाहेरच्या गॅरेजला?

नमस्कार मंडळी. माझी 2019 ची पेट्रोल गाडी आहे, 62 हजार किमी झालेत. वॉरंटी कधीच संपली, तरी आजवर शोरूमलाच टाकत आलो. मागच्या खेपेला ऑइल, फिल्टर एवढंच सांगितलं होतं, बिलात मात्र इंजिन डिकार्बनायझिंग (आत साचलेला कार्बन साफ करणं) आणि एसी क्लीनिंगही निघालं. विचारलं तर म्हणे, "सर, रेकमेंडेड आहे." फोन तरी करायचा की ओ आधी!

सोलापुरात होटगी रोडला राहतो. शेजारचे काका म्हणतात बाहेर टाक, ऑइलचा डबा आपण घेऊन जायचा आणि समोर उभं राहून काम करून घ्यायचं. पटतंय. पण स्कॅनर लावून इंजिन लाइटचा कोड नीट वाचणारा माणूस हवा, अंदाजाने सेन्सर बदलणारा नको. शिवाय पुढे गाडी विकताना शोरूमची सर्व्हिस हिस्टरी नसली तर भाव पडतो का? कुणी विकली असेल तर खरं सांगा.

सध्या ब्रेक दाबला की पुढून करकर येते, ब्रेक ऑइलही दोन वर्षांत बदललेलं नाही. उन्हाळ्यात तुळजापूरचा घाट चढायचाय, त्याआधी हे उरकायचंय. विजापूर रोड, सात रस्ता भागात जुने भाग परत दाखवणारा, पक्कं बिल देणारा मेकॅनिक आहे का?