दर महिन्याला तेच तिघे जिंकतात, हँडिकॅप कुठे चुकतोय?

टीवरून
आमच्या गोल्फ क्लबात दर महिन्याला स्टेबलफोर्ड (प्रत्येक होलवर गुण मिळवायची स्पर्धा) होते. पार (ठरवून दिलेले अपेक्षित फटके) ७१, कोर्स रेटिंग (तरबेज खेळाडूला इथे लागणारे फटके) ७०.८, स्लोप (सामान्य खेळाडूला कोर्स किती जास्त जड जातो) १२४. चार महिने तेच तिघे ४३-४४ गुणांनी जिंकताहेत आणि तिघांचाही इंडेक्स (खेळाडूची पातळी सांगणारा आकडा, कमी तितका खेळ चांगला) १८.४ च्या आसपासच आहे. उलट ९-१० इंडेक्सवाले काही जण २६ गुणांवर अडकतात. समितीत सूचना आली आहे की पहिल्या तिघांचे सरसकट दोन स्ट्रोक (सवलतीचे फटके) कापा. मला हे पटत नाही. नेमकं काय तपासू?

हिरवळ
कापाकापी अजिबात करू नका, आधी हिशेब मांडा.

१८.४ ला १२४ ने गुणून ११३ ने (प्रमाण स्लोप) भागा, त्यात रेटिंग वजा पार (उणे ०.२) मिळवा. कोर्स हँडिकॅप, म्हणजे या कोर्सवर मिळणारे सवलतीचे फटके, येतो २०. त्याचे ९५ टक्के म्हणजे स्पर्धेसाठी १९. या माणसाचे ३६ गुण म्हणजे साधारण ९० स्ट्रोक (७१ अधिक १९), आणि ४४ गुण म्हणजे आठ कमी, ८२. आता ८२ वजा ७०.८ = ११.२, गुणिले ११३ भागिले १२४ = १०.२. हा झाला त्या राउंडचा डिफरेन्शियल, म्हणजे कोर्सचा अवघडपणा धरून त्या दिवशीचा खेळ सांगणारा आकडा. तो इंडेक्सपेक्षा ८.२ ने कमी आहे. फरक ७.० ते ९.९ असला की जागतिक हँडिकॅप प्रणाली आपोआप इंडेक्समधून एक स्ट्रोक कमी करते, १० किंवा जास्त असला की दोन. ४३ गुणांनाही, म्हणजे ८३ लाही, फरक ७.३ येतो.

म्हणजे पहिल्याच विजयानंतर इंडेक्स खाली यायला हवा होता. चार महिने तो १८.४ वरच असेल तर सूत्राचा दोष नाही, स्पर्धेची कार्डं प्रणालीत चढलेलीच नाहीत. त्या तिघांची मागची २० कार्डं काढा आणि स्पर्धेच्या तारखा जुळवून बघा.

मार्कर_१८
वरचं अगदी बरोबर. कार्डं चढवताना हमखास होणाऱ्या चुका सांगतो.

कार्ड त्याच दिवशी चढलं पाहिजे. त्या दिवशीच्या वाऱ्यापावसाची दुरुस्ती (उणे १ ते अधिक ३) रात्री निघते आणि त्यासाठी किमान ८ कार्डं लागतात. सेक्रेटरीने गठ्ठा चार दिवसांनी भरला तर दुरुस्ती निघतच नाही.

दुसरी चूक कमाल स्कोअरची. प्रत्येक होलवर पार अधिक २ अधिक तिथे मिळणारे स्ट्रोक, एवढंच धरायचं. २० हँडिकॅपवाल्याला स्ट्रोक इंडेक्स (होलांचा अवघडपणाचा क्रम) ९ च्या पार चारवर एक स्ट्रोक मिळतो, म्हणून कमाल ७. तिथे ११ लिहिले तर डिफरेन्शियल तब्बल ३.६ ने फुगतो. होल पुरा न करता चेंडू उचलला तर होल रिकामा ठेवू नका, बहुधा किती लागले असते ते लिहा: चेंडू होलपासून पाच फुटांच्या आत असेल तर आणखी एक फटका, त्यापुढे वीस यार्डांपर्यंत दोन किंवा तीन, पण कमाल मर्यादेच्या आतच.

आणि सरावाचं कार्ड पहिल्या टीवर (होलचा पहिला फटका मारायची जागा) जाण्याआधी नोंदवायची सक्ती करा. राउंड संपल्यावर 'हे चढवू की नको' ठरवायला मोकळीक दिली की वाईट तेवढी चढतात, चांगली खिशात राहतात. एकट्याने खेळलेला राउंड चालत नाही, सोबत निदान एक जण हवा. स्क्रॅम्बलचं (संघाने दर वेळी सर्वांत चांगला पडलेला चेंडू निवडून खेळायचा प्रकार) कार्डही चालत नाही.

टीवरून
आभार. तिघांपैकी एकाची तर एकूण ९च कार्डं आहेत. वर्षभरात इंडेक्स किती चढू शकतो याला मर्यादा असते ना?

हिरवळ
असते, पण त्याला ती लागू नाही, खरी मेख इथेच आहे. वर्षातल्या सर्वांत कमी इंडेक्सपेक्षा ३.० ने जास्त चढला की पुढची वाढ निम्मी होते आणि ५.० वर थांबते. १२.० वरून हिशेब १७.० आला तर १६.० धरायचा. पण तो 'सर्वांत कमी' आकडा २० कार्डं झाल्याशिवाय ठरतच नाही. ९ कार्डांवर फक्त उत्तम तीन कार्डांची सरासरी असते आणि वर कसलाच लगाम नाही. अशा सभासदांचं परीक्षण समितीने हाताने करावं: स्पर्धेतली आणि सरावातली कार्डं वेगळी मांडा. सरावाची कायम जड दिसली तर इंडेक्स किमान १.० ने बदलता येतो. मात्र त्या सभासदाला आधी कळवा आणि त्याचं म्हणणं ऐकून घ्या, हा नियमच आहे.

२६ गुणवाल्यांबद्दल. इंडेक्स मागच्या २० कार्डांपैकी उत्तम ८ वर बसतो, म्हणून दर वेळी ३६ होणार नाहीतच, तिशीच्या अलीकडे-पलीकडे खेळणं साहजिक आहे. पण सतत २६ येत असतील तर त्यांचीही वाईट कार्डं चढत नाहीत, हे धरून चाला. कमी हँडिकॅप मिरवायचा म्हणून ती लपवणं हाही अन्यायच, कारण जोडीच्या सामन्यात भुर्दंड जोडीदाराला पडतो.

मार्कर_१८
पावसाळ्याचं राहिलं. फेअरवेवर (टी ते ग्रीनमधला कापलेल्या गवताचा पट्टा) चेंडू उचलून ठेवायची मुभा स्थानिक नियमाने दिली असली तरी कार्डं धरली जातात, बंद करू नका. ग्रीनकीपरला मात्र सांगून ठेवा: ओल्या टी वाचवायला टीच्या खुणा (मार्कर) पुढे घेतल्या तर एकूण लांबी मोजलेल्या लांबीपेक्षा १०० यार्डांहून जास्त बदलू नये, नाहीतर ७०.८ हा आकडाच खरा राहत नाही. एखादी टी पुढे घेतली असेल तर दुसऱ्या होलवर तेवढी मागे न्या.