आधी पडायला शिका

चाळिशीत ज्युदो (जपानी कुस्तीसारखा खेळ) सुरू करावा का, आणि आधी वर्षभर योगासनं करून अंग मोकळं करून घ्यावं का, असं एकाने विचारलंय. वाट बघू नका. अंग तिथेच मोकळं होतं.

मी ४१व्या वर्षी गेलो. पहिले दीड महिना फक्त पडलो! उकेमी म्हणतात त्याला. मागे पडताना हनुवटी छातीकडे ओढायची, म्हणजे डोकं आपटत नाही. पाठ गोल, आणि अंग मॅटला टेकतानाच दोन्ही हात सपाट आपटायचे, म्हणजे धक्का एकाच जागी बसत नाही. आपण मोठी माणसं नेमकं उलटं करतो, घाबरून हात मागे रोवतो. माझं मनगट पहिल्याच आठवड्यात असं सुजलं. शेजारी दहा वर्षांची पोरगी चेंडूसारखी लोळून उभी राहत होती, ते वेगळंच.

पट्ट्याचा रंग डोक्यातून काढा. काळ्या पट्ट्याच्या पहिल्या पायरीला शोदान म्हणतात, त्याचा अर्थच मुळी 'सुरुवातीची पायरी'.

खरी अडचण गुडघ्यांपेक्षा अहंकाराची असते. विशीतल्या पोराने हात लॉक केला, म्हणजे कोपरात ताणून अडकवला, की आपण दात खाऊन सोडवत बसतो. तसं करू नका, लगेच त्याच्या अंगावर किंवा मॅटवर दोनदा थोपटा, म्हणजे हार मानली, तो सोडतो. कोपर दुखावलं तर महिना-दोन महिने घरी बसाल. जुनी दुखापत असेल तर डॉक्टरांना आधी विचारा, शिक्षकांनाही सांगा.

आणि हो, नखं कापून जा.