अनुभव धागा: गटार तुंबतं तेव्हा नेमकं काय कमी पडतं?

पावसात मॅनहोलचं झाकण उचललं जातं आणि रस्ताभर घाण पसरते. लगेच 'प्लांट (सांडपाणी शुद्ध करणारा) मोठा करा' ही मागणी. वाढत्या शहरात आधी कशाला हात घालावा? मलनिस्सारणात काम केलेल्यांनी आकड्यांसकट लिहावं. गाऱ्हाणी नकोत.

उतारवाला
40,000 वस्ती धरा. माणशी रोज 135 लिटर पाणी, त्यातलं 80 टक्के गटारात, म्हणजे सुमारे 43 लाख लिटर. सकाळच्या गर्दीला सरासरीच्या अडीचपट प्रवाह. ही झाली कोरडी, म्हणजे पाऊस नसतानाची बाजू.

आता 100 चौरस मीटरचं एक छप्पर घ्या. तासाला 50 मिमीची सर आली (आपल्याकडे जुलैत नवल नाही) की त्यावरून 5,000 लिटर उतरतात. पाच माणसांच्या घराचं दिवसभराचं सांडपाणी साडेपाचशे लिटरही होत नाही. 200 मिमी व्यासाची गटाराची लाइन, 100 मीटरला 40 सेंमी उतार असेल, तर काठोकाठ भरून सेकंदाला साधारण 20 लिटर नेते. असली पंधरा छपरं चेंबरला जोडली की लाइन पावसानेच भरली. प्लांट दुप्पट केलात तरी ही लाइन तेवढीच राहते.

चेंबर_उघडा
एप्रिलमध्ये धुराची चाचणी करा. लाइनचा तुकडा दोन्हीकडून बंद करून ब्लोअरने धूर सोडायचा. ज्या पन्हाळीच्या पाइपातून धूर निघेल, ते छप्पर जोडलेलं. आदल्या दिवशी घराघरांत नानी ट्रॅपमध्ये (मोरीच्या जाळीखालचा, पाणी धरून वास अडवणारा वाकडा भाग) पाणी ओतायला सांगा, नाहीतर धूर न्हाणीघरात शिरतो आणि लोक अग्निशमन दलाला बोलावतात. अंगणात पाणी साचू नये म्हणून गली ट्रॅपची (घराबाहेरचा तसाच ट्रॅप) जाळी काढून ठेवणारेही याच वेळी सापडतात.

पावसाळ्यात पहाटे तीनला झाकण उघडून वरूनच बॅटरी मारा. शहर झोपलेलं असताना स्वच्छ पाणी खळखळत असेल, तर ते सांध्यांतून येणारं भूजल. आत कुणी उतरायचं नाही. सुरक्षा साधनांशिवाय माणूस उतरवून सफाई करणं 2013 च्या कायद्याने बंद आहे.

खाजनकाठ
आमच्या गोव्याच्या बाजूला भूजलासोबत भरतीचंही बघावं लागतं. पंपघरात टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) ठेवा. आकडा भरतीबरोबर चढत असेल, तर खाडीचं पाणी आत येतंय. साळ नदीकाठ असो की सांत इनेजची खाडी, सखल भागात हे तपासल्याशिवाय सांधे बदलायला काढू नका.

जांभ्यात ब्रेकर लागतो, पण चर उभा राहतो. खाजनाच्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल जमिनीच्या) चिखलात चर ढासळतो, फळ्यांचा आधार लागतोच. आणि रिकामा प्लास्टिक पाइप टाकून रात्री चर उघडा ठेवला, पाणी भरलं, की सकाळी पाइप वर तरंगतोय! मग उतार गेला.

नवा_सभासद
सेप्टिक टँक आहेच, तो ठेवून पुढे जोडणी घेतली तर चालेल ना?

चेंबर_उघडा
नको. टाकीतलं कुजकं पाणी लाइनमध्ये हायड्रोजन सल्फाइड सोडतं, तो काँक्रीटच्या पाइपाचं आणि चेंबरचं छत खातो. टाकी उपसून, धुऊन, वाळूने भरा आणि संडास थेट चेंबरला घ्या.

पंपवाला
संपमध्ये (पंपघरातली सांडपाणी जमा होणारी टाकी) सरासरी प्रवाहाचं अर्ध्या तासाहून जास्त पाणी थांबू नये, कुजतं. चालू पंपाला एक जोडीदार तयार हवा, वेगळ्या स्टार्टरवर. फ्लोट स्विचवर (पाण्याबरोबर वर तरंगून पंप सुरू करणारा) चरबीचा गोळा बसला की पंप सुरूच होत नाही. हे इतकं साधं, आणि सगळ्यांत जास्त वेळा होणारं. मुळात दोष स्वयंपाकघराचा. तळणीची, सोरपोतेलाची (डुकराच्या मांसाचा गोवेकरी पदार्थ) चरबी गरम असताना वाहून जाते, पुढे पाइपात थिजते. खानावळीचा ग्रीस ट्रॅप (चरबी अडवणारी पेटी) पाव भाग भरला की काढायचा, महिन्याची वाट बघायची नाही.

टाकीकाठी
पणजीच्या टोंकच्या प्लांटमध्ये एसबीआर आहे: एकाच टाकीत भरणं, हवा देणं, गाळ बसवणं, वरचं पाणी काढणं. जास्त पाणी आलं की आवर्तन आखडतं आणि गाळ नीट बसायच्या आधीच उपसा सुरू होतो. एक लिटरच्या उभ्या नळकांड्यात टाकीतलं मिश्रण घेऊन अर्धा तास हलवू नका. गाळ कितीवर थांबला ते बघा आणि रोज फळ्यावर लिहा. गाळ म्हणजे घाण खाणारे जिवाणू. पहिल्या सरीनंतर तो पातळ होतो, तेव्हा उगाच जास्त गाळ काढून टाकू नका. पुन्हा वाढायला आठवडे लागतात.