बारा काळ पुन्हा पहिल्यापासून?

एकांनी सुचवलंय की एफवायच्या, म्हणजे कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या, मुलांना इंग्रजीचे बाराही काळ (टेन्स) पुन्हा पहिल्यापासून शिकवावेत. मला नाही पटत. 2000 सालापासून आपल्याकडे महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आहे, काळांचे तक्ते शाळेतच घोकून झालेत. सूत्र विचारा, धडाधड सांगतील. आणि रजेच्या अर्जात लिहितील, 'आय डिड नॉट केम टू कॉलेज'!

मी आधी परिच्छेद लिहून घेतो आणि एका वेळी एकच चूक धरतो. या आठवड्यात फक्त 'डिड'नंतरचं क्रियापद, बाकी लाल शाई बंद. अख्खं पान रंगवून दिलं की मुलं गुण बघतात नि वही मिटतात. पुढची पायरी कर्ता-क्रियापदाची: 'द मार्क्स ऑफ माय फ्रेंड इज गुड'. इथे शेजारच्या 'फ्रेंड'कडे बघून 'इज' आलेलं असतं. खरा कर्ता 'मार्क्स', त्याच्याखाली रेघ मारायला लावली की बहुतेकांना स्वतःच कळतं. 'अ' आणि 'द' मात्र शेवटी. मराठीत उपपदंच नाहीत, ती वाचूनवाचूनच अंगवळणी पडतात.

मोठ्या वर्गात एवढं तपासायचं कुणी, हा प्रश्न रास्तच. मी वह्या आपसात बदलून देतो. दुसऱ्याची चूक शोधायला सगळे तयार असतात.