मदत हवी आहे: 1970 च्या डॉज चॅलेंजरचा फेंडर टॅग

गाडीवर फेंडर टॅग (इंजिन, रंग वगैरेंचे कोड ठोकलेली कारखान्याची पत्र्याची पट्टी) नाही, नवा करून घ्यायचा आहे. डाव्या इनर फेंडरवर स्क्रूची दोन भोकं तेवढी आहेत. डॅशवरची व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) प्लेट मूळ रोझेट (फुलाच्या आकाराच्या डोक्याच्या) रिव्हेटांसह शाबूत आहे, तिला हात लावायचा नाही. रेडिएटर सपोर्टवरचा अर्धवट व्हीआयएन रंग खरवडल्यावर स्पष्ट दिसला आणि प्लेटशी जुळतो. ब्रॉडकास्ट शीट (गाडी जोडताना कारखान्यात वापरलेला कोडांचा कागद) मागच्या सीटच्या स्प्रिंगांत सापडली, पण उंदरांनी कुरतडलेली: व्हीआयएन, इंजिन, गिअरबॉक्स (डी21, म्हणजे चार गिअर) वाचता येतं, पेंट-ट्रिमची (रंग आणि आतल्या सजावटीची) ओळ गेली.

प्रश्न असे:

1. टॅग खालच्या ओळीपासून वर वाचतात. खालची ओळ (इंजिन, गिअरबॉक्स, व्हीआयएन) पक्की आहे, मग वरच्या ओळींतले न सापडलेले कोड कोरे ठेवावेत का? अंदाजाने भरणं मला तरी खोटेपणाच वाटतो.

2. पेंट कोडसाठी डॅशखालचा, कार्पेटखालचा मूळ थर पुरावा म्हणून चालेल का?

3. कारखान्यात टॅग बॉडीसोबतच रंगायचा, तोही वाकवून. नव्यावर तसंच करावं, की मागे ‘प्रतिकृती’ ठोकून वेगळा ठेवावा?

अक्षरांचा ठसा मूळ टॅगशी ताडून पाहिलेल्यांनी जरूर सांगा. नव्या टॅगांवर आकडे फार सरळ रेषेत येतात, तिथेच ते उघडे पडतात.