लाखीश दोनदा जळालं, मग राखेचे थर ओळखायचे कसे?

प्रश्न (म्हापसा): शाळेच्या इतिहास मंडळासाठी लाखीशचा, म्हणजे प्राचीन यहूदा राज्यातल्या (आजच्या इस्रायलमधल्या) शहराचा तक्ता करायचा आहे. इ.स.पू. ७०१ मध्ये अश्शूरचा राजा सन्हेरीबने आणि ५८६ च्या सुमारास बाबेलचा राजा नबुखद्नेस्सरने शहर जाळलं. मग कुठली राख कोणाची?

उत्तर १: ७०१ चा थर तिसरा, ५८६ चा दुसरा. क्रमांक वरून खाली मोजतात, मुलांचा गोंधळ इथेच होतो. तिसऱ्या थरात ‘राजासाठी’ अशा हिब्रू शिक्क्यांचे रांजण सापडतात; ते यहूदाचा राजा हिज्कीयाच्या काळातले. आधी उत्खनन करणाऱ्या स्टार्कींनी हा थर ५९७ चा मानला होता. १९७० नंतर पुरातत्त्वज्ञ उसिश्किन यांच्या उत्खननाने ७०१ वर शिक्कामोर्तब झालं. जुन्या पुस्तकांतून सन उचलू नका.

उत्तर २: बाब, शापोऱ्याच्या किल्ल्याचा जांभा डोळ्यांसमोर आणू नका. तट दगडी पायावर कच्च्या विटांचा होता. आगीत विटा भाजून लाल होतात, म्हणून मलबा चटकन ओळखू येतो. नैर्ऋत्य कोपऱ्यात अश्शूरी सैन्याचा दगडी चढाव आजही दिसतो. अश्शूरची राजधानी निनवे इथल्या राजवाड्यातली त्या वेढ्याची शिल्पं आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत.

उत्तर ३: दुसऱ्या थरासाठी वेशीजवळच्या खोलीतली खापरं दाखवाच. १९३५ मध्ये शाईने लिहिलेली १८ मिळाली, नंतर आणखी ३. त्यांतल्या चौथ्या खापरावरच्या पत्रात लिहिणारा सांगतो की लाखीशच्या अग्निसंकेतांवर आमची नजर आहे, अजेका हे दुसरं गाव दिसत नाही. बायबलच्या यिर्मया ३४:७ मध्येही हीच दोन गावं शेवटपर्यंत टिकलेली. तक्त्यात दोन्ही शेजारी मांडा.