मदत हवी आहे : ओढा नीट केला, तरी किडे येत नाहीत

ओढेकर :
पुण्याजवळचा आमचा ओढा. गाळ काढला, दगडगोटे टाकले, काठाला करंज-उंबर लावले. पाणी नितळ आहे. तरी जाळीत फक्त लाल अळ्या नि गोगलगायी. मेफ्लाय, कॅडिसफ्लाय (स्वच्छ पाण्यात अळ्या वाढतात ते किडे) एकही नाही. पैसे देणाऱ्या कंपनीला महिनाअखेर अहवाल द्यायचाय. काय सोडलं की लवकर येतील? थेट उपाय सांगा, लेक्चर नको.

बापू_वाईकर :
लाल अळ्या म्हणजे डास. गप्पी मासे सोडा. आमच्या विहिरीत सोडलेत, एक डास नाही.

पाणकावळा :
बापू, डास नाहीत हो ते. न चावणाऱ्या कायरोनोमस माश्यांच्या अळ्या. अंगात हिमोग्लोबिन असतं म्हणून लाल, आणि म्हणूनच ऑक्सिजन अगदी कमी असलेल्या गाळातही तगतात. गप्पी बाहेरचा मासा, उद्या येणारे किडेही तोच खाईल.
ओढेकर, ओढा बारमाही आहे का? वर वस्ती? जाळी कसली?

बापू_वाईकर :
आमच्याकडे काही वाईट झालं नाही बुवा.

ओढेकर :
वस्ती आहे वर, पण ती आमच्या पट्ट्यात येत नाही. ऑक्सिजन मोजलाय, लिटरला 7 मिलिग्रॅम. जाळी मच्छरदाणीची.

मीनल_क :
वस्ती तुमच्या पट्ट्यात येत नसेल, तिचं सांडपाणी येतं ना! ऑक्सिजन किती वाजता मोजलात? दुपारी शेवाळामुळे आकडा फुगतो. उजाडायच्या आधी मोजा. आणि मच्छरदाणीतून लहान अळ्या निसटतात, अर्ध्या मिलिमीटरची जाळी घ्या. खळखळत्या उथळ जागी दगड पायाने ढवळा, जाळी खालच्या अंगाला धरा.

खडकवासी :
नुसते दगड टाकून भागत नाही. नद्यांच्या अभ्यासक मार्गारेट पामर आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये ओढे-नद्या सुधारण्याच्या 78 प्रकल्पांची आकडेवारी तपासली. बहुतेक ठिकाणी अधिवास सुधारला होता, पण अपृष्ठवंशी जिवांची विविधता ठळकपणे वाढली फक्त 2 ठिकाणी. मी तर म्हणतो सरळ मुळशीकडच्या चांगल्या ओढ्यातले दगड अळ्यांसकट आणून टाका.

पाणकावळा :
आणि सांडपाण्यात मारा? शिवाय तो चांगला ओढा ओरबाडायचा. जवळपास स्वच्छ झरा असेल तर ते आपले आपण येतात, वरून वाहत किंवा उडत. प्रौढ मेफ्लाय जेमतेम काही तास ते दोन-तीन दिवस जगते, फार लांबून येणार नाही. आधी वर काय शिल्लक आहे ते बघा.

खडकवासी :
बघत बसा मग वर्षानुवर्षं.

कोल्हापुरी_रस्सा :
खेकडे हायत का त्या ओढ्यात? काळे का तांबूस?

मीनल_क :
😄 अहवालात 'किडे आले' लिहू नका. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची पाण्यातल्या किड्यांना कुळवार गुण द्यायची पद्धत आहे, प्रदूषण न सोसणाऱ्या कुळांना 10 पर्यंत गुण, लाल अळ्यांना अगदी कमी. वस्तीच्या वर, वस्तीच्या खाली आणि तुमच्या पट्ट्यात, तिन्हीकडचे गुण शेजारी मांडा. कंपनीला दोष कुठे आहे ते तरी दिसेल.

ओढेकर :
कंपनीला दोष नकोय, फोटो हवेत. बरं, वस्तीच्या वर पूल आहे, तिथे बघतो. उन्हाळ्यात मधे महिनाभर ओढा आटतो, त्याने फरक पडतो का?

पाणकावळा :
हे आत्ता सांगताय?? पडतो! शेवटचा कधी आटला होता?

ओढेकर :
विचारून सांगतो. अर्ध्या मिलिमीटरची जाळी पुण्यात कुठे मिळेल? रविवारच्या आत हवी.